इ.स.पू. ४६ : ४४५ दिवसांच्या वर्षात काय काय घडलं?

कालगणक

रोमच्या इतिहासात इ.स.पू. ४६ हे साल जितकं गर्दीचं तितकंच फसवं आहे. थॅप्ससची लढाई (उत्तर आफ्रिकेत सीझरने प्रतिस्पर्धी पाँपेच्या पक्षाला हरवलं ती), सीझरचा विरोधक केटो याची आत्महत्या, सीझरच्या चार विजययात्रा, क्लिओपात्राचं रोममध्ये येणं, सगळं याच वर्षातलं. पण '६ एप्रिलला थॅप्ससची लढाई झाली' असं वाचलं की आपण वसंत ऋतू डोळ्यांपुढे आणतो आणि तिथेच गणित चुकतं. सूर्याच्या हिशेबाने तेव्हा फेब्रुवारीचा पहिला आठवडा चालू होता. म्हणून आधी दिनदर्शिकेचा हिशेब मांडतो, घटनांची भर तुम्ही घाला.

जुनं रोमन वर्ष ३५५ दिवसांचं. मार्च, मे, क्विंटिलिस (आताचा जुलै) आणि ऑक्टोबर हे ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८ चा, बाकीचे सातही महिने २९ चे. दरवर्षी पडणारी दहा-अकरा दिवसांची तूट भरायला फेब्रुवारी २३-२४ तारखेला तोडून पुढे २७ दिवसांचा अधिक महिना घालत. त्यातून निव्वळ भर पडायची २२ किंवा २३ दिवसांची, आणि वर्ष व्हायचं ३७७ किंवा ३७८ दिवसांचं. हे एक वर्षाआड नेमाने केलं तर चार वर्षांचे १४६५ दिवस, म्हणजे सरासरी ३६६.२५. सूर्यापेक्षा वर्षामागे एक दिवस जास्तच. त्यामुळे मधूनच एखादा अधिक महिना गाळणंही भाग होतं. तो कधी घालायचा आणि कधी गाळायचा याचं पक्कं कोष्टक नव्हतं. पोंटिफ, म्हणजे पुरोहितमंडळ, ते ठरवायचं आणि बऱ्याचदा ऐनवेळी.

इ.स.पू. ५२ मध्ये अधिक महिना पडला आणि पुढची सलग पाच वर्षं पडलाच नाही. एवढ्यानेच पन्नासेक दिवसांची घसरण झाली, आधीची थकबाकी वेगळीच. इ.स.पू. ४६ मध्ये ती सगळी एका झटक्यात फेडली. ३५५ चं मूळ वर्ष, फेब्रुवारीत नेहमीच्या रीतीने २३ दिवस, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये दोन जादा महिने मिळून ६७ दिवस. एकूण ४४५. हा आकडा सेन्सोरिनस या रोमन लेखकाचा. नंतरचा लेखक मॅक्रोबियस ४४३ देतो, पण तुकड्यांची बेरीज सेन्सोरिनसचीच जुळते. 'गोंधळाचं शेवटचं वर्ष' हे नाव मात्र मॅक्रोबियसचं.

आता तारखा फिरवायची युक्ती. नव्या (सीझरच्या, म्हणजे ज्युलियन) पद्धतीची पहिली १ जानेवारी इ.स.पू. ४५ ला धरा आणि तिथून ४४५ दिवस मागे जा. रोमन १ जानेवारी ४६ येते ज्युलियन १३ ऑक्टोबर ४७ ला. जानेवारीचे २९, फेब्रुवारीचे २८ आणि वरचे २३ मिळून ८० दिवस पुढे गेलात की रोमन १ मार्च पडतो बरोबर ज्युलियन १ जानेवारीला. हे एवढं लक्षात ठेवलं तरी बहुतेक काम होतं. ६ एप्रिल हा १ मार्चपासून ३६ दिवस पुढे, म्हणून थॅप्सस ६ फेब्रुवारी. काही कोष्टकांत ७ फेब्रुवारी दिसेल. हा एका दिवसाचा फरक १ जानेवारी ४५ नेमकी कुठे बसवायची याच्या गृहीतकातला आहे, त्यावर फार वेळ घालवू नका.

उत्तरा_द

पुरोहितमंडळ म्हटल्यावर भोळसट म्हातारे डोळ्यांपुढे येतात. तसं मुळीच नव्हतं. पोंटिफ हे निवडणुका लढवणारे राजकारणी होते. कुणाचा कार्यकाल लांबवायचा किंवा आखडायचा, करवसुलीच्या ठेकेदाराला वर्ष लांबवून फायदा द्यायचा की तोटा, या हिशेबाने अधिक महिना वापरला जायचा, असं सेन्सोरिनसच सांगतो. वक्ता आणि राजकारणी सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये किलिकियाचा सुभेदार म्हणून नाइलाजाने गेला, तर तिथून मित्र ॲटिकसला पत्रांमागून पत्रं : काहीही कर, पण या वर्षी अधिक महिना पडू देऊ नकोस. कारण तो पडला की सुभेदारी तेवढ्या दिवसांनी लांबणार. पुढच्या फेब्रुवारीचा मध्य आला तरी रोममध्ये अधिक महिना धरलाय की नाही याचा त्याला पत्ता नव्हता. म्हणजे प्रांतात बसलेल्या माणसाला आज तारीख कोणती हेच खात्रीने सांगता येत नसे.

इ.स.पू. ५० मध्ये ट्रिब्यून (लोकांनी निवडलेला अधिकारी) क्युरिओने अधिक महिना मागितला, पुरोहितांनी नाकारला, आणि थोड्याच दिवसांत तो उघडपणे सीझरच्या बाजूने बोलू लागला. ही मागणी मुद्दाम नाकारली जावी म्हणूनच केली असावी, असं माझं मत.

आणि पोंटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे या मंडळाचा प्रमुख, इ.स.पू. ६३ पासून कोण होता? खुद्द सीझर. आठ-नऊ वर्षं गॉलमध्ये आणि मग यादवीत गुंतलेला. दिनदर्शिका सुधारल्याचं श्रेय त्याला जरूर द्या, पण ती ज्याच्या अखत्यारीत बिघडली तोही हाच.

पिलम

वरची युक्ती आफ्रिकेच्या मोहिमेला लावून बघा, तिचं रूपच पालटतं.

सीझर सिसिलीतल्या लिलिबेयमहून सहा लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) आणि दोन हजार स्वार घेऊन निघाला रोमन २५ डिसेंबर ४७ ला, आणि २८ ला हॅड्रुमेटमजवळ उतरला. सोबत पोचले फक्त ३००० पायदळ आणि १५० घोडेस्वार, बाकीची जहाजं वाऱ्याने पांगली. बऱ्याच पुस्तकांत यावर 'ऐन हिवाळ्यात समुद्र ओलांडण्याचं अचाट धाडस' असं रंगवलेलं असतं. प्रत्यक्षात निघाला तो ८ ऑक्टोबर होता. रुस्पिनाची लढाई (४ जानेवारी) येते १६ ऑक्टोबरला. तीस कोहॉर्ट (लीजनचे भाग), ४०० स्वार आणि १५० तिरंदाज घेऊन तो धान्य मिळवायला बाहेर पडला होता आणि मैदानात शत्रूचा सेनापती लेबिएनस याच्या घोडदळाने त्याला घेरलं. धान्य शेतात का नव्हतं? कारण पाँपेच्या पक्षाने शेतकऱ्यांनाच सैन्यात ओढलं होतं, आदल्या हंगामाची कापणीच नीट झाली नव्हती. जे होतं ते तटबंदीच्या गावांत नेऊन ठेवलेलं. जनावरांना चारा नाही, तेव्हा जुन्या सैनिकांनी किनाऱ्यावरचं समुद्रशेवाळ गोळा केलं, गोड्या पाण्यात धुऊन खारटपणा काढला आणि घोड्यांना घातलं. घोडे त्यावर तगले.

आता पुरावा. या मोहिमेचा जो वृत्तांत आपल्याकडे आहे (तो सीझरने लिहिलेला नाही) त्यात २५ जानेवारीच्या रात्री सीझर छावणी हलवतो असं येतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी गारांचा भयंकर पाऊस झाला, आणि लेखक वर्षातली वेळ सांगतो ती अशी : कृत्तिका मावळून गेल्या होत्या. कृत्तिकांचा पहाटेचा अस्त रोमन लेखक ११ नोव्हेंबरच्या सुमारास धरतात. आमच्या हिशेबाने २५ जानेवारी म्हणजे ६ नोव्हेंबर. बसलं की नाही? खरोखरचा जानेवारी अखेर असता तर कृत्तिकांच्या अस्ताचा उल्लेख करण्यात काही अर्थच नव्हता.

त्या रात्री सैनिकांचे हाल झाले, कारण जहाजांत जागा राहावी म्हणून सिसिलीहून कुणालाच सामान आणू दिलेलं नव्हतं. कपडे, बोरू आणि फांद्या यांचे आडोसे करून लोक राहत होते. ते सगळे वाहून गेले, चुली विझल्या, माणसं डोक्यावर ढाली धरून छावणीभर फिरत राहिली. पाचव्या लीजनच्या भाल्यांची टोकं आपोआप पेटलेली दिसली, असंही पुढे लिहिलंय. वादळी हवेतली विजेची चमक ती.

दर्यावर्दी

ऋतूचा हिशेब मान्य, पण ८ ऑक्टोबर म्हणजे सहज प्रवास असं कुणी समजू नये. रोमन लेखक व्हेजिशियसचं कोष्टक बघा : २७ मे ते १४ सप्टेंबर समुद्र निर्धोक, त्यानंतर ११ नोव्हेंबरपर्यंत बेभरवशाचा, ११ नोव्हेंबर ते १० मार्च बंद. तो चारेकशे वर्षांनंतरचा असला तरी भूमध्य समुद्राचे वारे काही बदललेले नाहीत. सीझर निघाला ते त्या बेभरवशाच्या काळात.

आणि जहाजं पांगण्याचं कारण हवामानापेक्षा हुकमात जास्त आहे. निघताना कप्तानांना नेहमी सीलबंद हुकूम देत, कुठे जमायचं ते त्यात असे. या वेळी तसा हुकूम दिलाच नाही, कारण शत्रूच्या ताब्यात नसलेलं बंदर कोणतं हे सीझरलाच ठाऊक नव्हतं. वाट चुकलेली जहाजं आपापल्या अंदाजाने किनारा शोधत बसली. पावसाळा तोंडावर असताना मुंबईहून गलबतांचा तांडा सोडावा आणि गाठायचं बंदरच सांगू नये, तसा हा प्रकार.

परतीचा प्रवास तपासा. १३ जूनला उटिका सोडलं, ती येते १४ एप्रिल. मग सार्डिनियातल्या कॅरालिसला काही दिवस थांबून रोमला पोचला २५ क्विंटिलिसला, म्हणजे २५ मे. रोमन तारखा बघून वाटतं भर उन्हाळ्यात रमतगमत आला. प्रत्यक्षात कॅरालिसहून पुढच्या टप्प्यात वादळांनी त्याला बंदराबंदरांत अडकवलं, म्हणूनच अठ्ठावीस दिवस लागले. वसंतातला समुद्र असाच वागतो.

पिलम

दर्यावर्दी, हुकमाचा मुद्दा पटला.

थॅप्ससबद्दल थोडं, कारण त्यात हत्ती आहेत. सीझरच्या पायदळाला आणि विशेषतः घोड्यांना हत्तींची धास्ती होती. म्हणून त्याने इटलीहून हत्ती मागवले, लढवायला नव्हे, सरावासाठी. हत्तीवर चिलखत चढवलं की कुठला भाग उघडा राहतो हे सैनिकांना दाखवलं. स्वारांना बोथट भाले हत्तींवर फेकायला लावले. घोड्यांना त्यांचा वास, आवाज आणि आकार अंगवळणी पडू दिला. लढाईत उजव्या बाजूच्या गोफणदारांनी आणि तिरंदाजांनी मारा केला तसे समोरचे हत्ती उलटले, आपलंच पायदळ तुडवत अर्धवट बांधलेल्या तटाच्या दरवाजांतून पळाले. ६४ हत्ती हौद्यांसकट हाती लागले. पाचव्या लीजनने पुढे हत्तीचं चिन्ह घेतलं ते यावरूनच.

वृत्तांतात शत्रूचे १०,००० आणि सीझरचे ५० मेले असं आहे. पन्नासचा आकडा जिंकणाऱ्याच्या छावणीतला आहे हे ध्यानात ठेवून वाचा. शरण आलेल्यांचीही कत्तल झाली, ते मात्र वृत्तांतकार लपवत नाही. बाकीच्यांची गत थोडक्यात : पाँपेच्या पक्षाचा सेनापती स्किपिओ याला हिप्पोजवळ सीझरच्या बाजूच्या सिट्टियसच्या आरमाराने गाठलं, त्याने जीव दिला. न्यूमिडियाचा राजा ज्युबा आणि त्याच पक्षाचा सेनापती पेट्रेयस यांनी एकमेकांशी द्वंद्व करून शेवट केला. केटोने उटिकात. ज्युबाचं राज्य 'नवी आफ्रिका' म्हणून प्रांत झालं आणि त्याचा पहिला सुभेदार इतिहासकार सॅलस्ट.

चंदेरी

विजययात्रांवर कुणी लिहिलंच नाही अजून.

क्रम असा : गॉल, इजिप्त, पाँटस, आफ्रिका. आफ्रिकेचा विजय ज्युबावरचा म्हणून दाखवला, कारण रोमन नागरिकांना हरवल्याची मिरवणूक काढता येत नाही. गॉलच्या दिवशी वेलाब्रममधून जाताना रथाचा आस मोडला आणि सीझर पडता पडता वाचला. संध्याकाळी चाळीस हत्तींवरच्या मशालींच्या उजेडात कॅपिटॉल चढला. गॉलच्या बंडाचा नेता व्हर्सिंजेटोरिक्सला सहा वर्षं कैदेत ठेवून या मिरवणुकीनंतर मारलं. क्लिओपात्राची बहीण आर्सिनोई साखळदंडात बघून लोक हळहळले, तिला सोडून देऊन एफेससला पाठवलं. ज्युबाचा तान्हा मुलगाही मिरवणुकीत होता. तो रोममध्ये वाढला आणि पुढे मॉरेटेनियाचा राजा आणि मोठा ग्रंथकार झाला.

आता ऋतूचा हिशेब इथे लावा. व्हीनस जेनेट्रिक्सच्या मंदिराची प्रतिष्ठापना २६ सप्टेंबरला झाली. ती येते २५ जुलैला! रोममधला जुलै. मग कळतं की सीझरने फोरम या मुख्य चौकावर आणि सेक्रेड वे या रस्त्यावर, स्वतःच्या घरापासून पार कॅपिटॉलच्या चढापर्यंत छत का ताणलं. जुन्या लेखकांपैकी प्लिनी ते तागाच्या कापडाचं म्हणतो, डायो म्हणतो रेशमी. रेशीम असेल तर ते चीनहून पार्थियाच्या मुलखातून आलेलं, आणि सात वर्षांपूर्वीच कॅऱ्हीला पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कापून काढलं होतं. उधळपट्टीवर सैनिक चिडले, दंगा झाला. सीझरने एकाला स्वतः धरून मृत्युदंडाला पाठवलं. आणखी दोघांना कॅम्पस मार्शियसवर पुरोहितांनी जवळजवळ बळी दिल्यासारखं मारलं, असं डायो सांगतो.

पैशाचं बोलायचं तर दर नागरिकाला ४०० सेस्टर्स (३०० कबूल केलेले, १०० उशीर झाला म्हणून), १० मोडियस (रोमन माप) धान्य आणि १० रोमन पौंड तेल. इतिहासकार ॲपियनच्या हिशेबाने साध्या सैनिकाला ५००० दिनार, सेंच्युरियनला (तुकडीच्या नायकाला) दुप्पट, लष्करी ट्रिब्यूनला (त्यावरच्या अधिकाऱ्याला) चौपट. सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनार, म्हणजे बावीस वर्षांचा पगार एका हप्त्यात. त्याच सुमारास फुकट धान्याची यादी मात्र ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली. त्यासाठी नेहमीच्या जागी गणना न करता गल्लोगल्ली, घरमालकांकडून भाडेकरूंची नावं घेऊन केली. खोटी नावं गळाली ती तिथे.

जिराफ रोमने पहिल्यांदा पाहिला तो याच वर्षी.

हान_वाचक

रेशमाचा विषय निघालाच आहे तर त्याच वर्षीचा चीन. हान सम्राट युआनचं राज्य इ.स.पू. ४८ ला सुरू झालेलं, म्हणजे ४६ हे त्याचं तिसरं वर्ष. त्या वर्षीचा मोठा निर्णय म्हणजे हैनान बेटावरचा झुया हा सुभा सोडून देणं. सम्राट वूच्या काळात साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बेट घेतलं होतं, पण बंडं थांबेनात. तिथे पुन्हा सैन्य पाठवावं की नाही यावर दरबारात वाद झाला. जिया जुआनझीने निवेदन दिलं की देशात लोक उपाशी असताना दूरच्या बेटासाठी माणसं आणि पैसा घालवणं शहाणपणाचं नाही, आणि सम्राटाने ते मानलं. सीझर नवा प्रांत जोडत होता त्याच वर्षी हान दरबार एक सुभा खर्चाच्या कारणाने मोडीत काढत होता.

दिनदर्शिकेत मात्र हान लोक रोमच्या कितीतरी पुढे. इ.स.पू. १०४ ची ताइचू पद्धत १९ वर्षांत ७ अधिक महिने धरते आणि वर्षाचं मान ३६५ पूर्णांक ३८५/१५३९ दिवस. सूर्याचे बारा मध्यबिंदू ठरवलेले, ज्या चांद्र महिन्यात एकही मध्यबिंदू पडत नाही तो अधिक. आपल्या 'संक्रांत नाही तो अधिक मास' या नियमाचाच भाऊ. पुरोहिताची मर्जी हा प्रकारच नाही.

ताम्रपट

आपल्याकडच्या आताच्या नियमाशी तुलना करताना एक सांभाळा : संक्रांतीवरून अधिक मास ठरवण्याची रीत सिद्धांतग्रंथांची, ती कित्येक शतकांनंतरची. त्याआधीची रीत वेदांगज्योतिषाची : पाच वर्षांचं युग, त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास, म्हणजे पाच वर्षांत दोन अधिक मास. १८३० ला ५ ने भागा, वर्ष येतं ३६६ दिवसांचं. रोमनांचं ३६६.२५! दोघांचीही चूक एकाच बाजूची. बाहेरून दुरुस्ती केली नाही तर दोन्ही पद्धती ऋतूंच्या मागे पडतात. फरक इतकाच की रोममध्ये दुरुस्तीच्या नावाखाली महिने गाळत गेले आणि गाडी उलट्या बाजूला गेली.

वायव्य भारतात हा शकांचा काळ. अझेस या राजाच्या नावाचा संवत पूर्वी सरसकट इ.स.पू. ५७ च्या विक्रम संवताशी एक धरत. अलीकडे मॅसिडोनियन महिन्यांच्या अधिक मासांवरून गणित करून काही अभ्यासक त्याचा आरंभ इ.स.पू. ४८ ते ४६ च्या दरम्यान आणतात. तसं असेल तर तो नेमका या धाग्याच्या काळातला. आणि ज्याला आपण विक्रम संवत म्हणतो त्याचं नाव जुन्या लेखांत 'कृत' असं येतं, विक्रमाचं नाव त्याला नंतर चिकटलं.

मंदाकिनी

ज्यांना आकाश स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी : स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साल -४५ टाका, -४६ नव्हे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, पण खगोलगणितात मध्ये शून्य साल असतं, म्हणून एक कमी. महिना-दिवस ज्युलियनच टाकायचे, १५८२ च्या आधी ते तीच पद्धत धरतं. वरच्या गारपिटीच्या रात्रीसाठी साल -४६, नोव्हेंबर ६ ते १२, ठिकाण ट्युनिशियाचा पूर्व किनारा. सूर्योदयाआधी पश्चिमेला कृत्तिका बघा.

सीझरच्या नव्या दिनदर्शिकेवर सिसेरोचा टोमणा प्रसिद्ध आहे. उद्या स्वरमंडळ हा तारकासमूह उगवणार असं कुणीतरी म्हणालं, तर हा म्हणाला, 'हो ना, तसा हुकूमच निघालाय.'

कालगणक

दोन जादा महिन्यांचा समकालीन पुरावा हवा असेल तर तोही सिसेरोच. लिगारियसला लिहिलेल्या पत्रात तो 'पहिल्या अधिक महिन्याच्या कॅलेंड्सच्या (म्हणजे १ तारखेच्या) आधीचा पाचवा दिवस' अशी तारीख देतो. त्या दिवशी सकाळी लिगारियसच्या भावांच्या विनंतीवरून तो सीझरकडे लिगारियससाठी रदबदलीला गेला होता. 'पहिला' म्हणजे दुसराही आहे हे उघड. रोमन मोजणीत दोन्ही टोकं धरतात, म्हणून ती तारीख २६ नोव्हेंबर, ज्युलियन २३ सप्टेंबर.

ही दोन्ही टोकं धरायची सवय पुढे नडली. खगोलज्ञ सोसिजेनिसच्या सल्ल्याने नियम ठरला दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याचा, आणि पुरोहितांनी चालू वर्षही मोजून तो दर तीन वर्षांनी घातला. ३६ वर्षांत ९ च्या जागी १२ दिवस शिरले. सम्राट ऑगस्टसने मग इ.स. ८ पर्यंत ते घालणं थांबवून हिशेब जुळवला. वाढीव दिवस २९ फेब्रुवारी नव्हता हेही सांगून ठेवतो, २४ फेब्रुवारीच दोनदा मोजत.

उत्तरा_द

३५५ चे ३६५ करताना जे १० दिवस वाढवले ते कुठे घातले? त्याने सण हलले नाहीत का?

कालगणक

जानेवारी, सेक्स्टिलिस (आताचा ऑगस्ट) आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरला एकेक. फेब्रुवारीला हात लावला नाही, तो पितरांचा आणि शुद्धीचा महिना. सगळे दिवस महिन्याच्या शेवटी, सण उरकल्यानंतर घातले, त्यामुळे सणांचे दिवस महिन्याच्या सुरुवातीपासून मोजले तर जागेवरच राहिले. अडचण झाली ती आयडीसनंतरच्या (महिन्याच्या मध्यानंतरच्या) तारखांची, कारण त्या पुढच्या महिन्याच्या कॅलेंड्सपासून उलट्या मोजतात. ऑक्टेव्हियन (पुढचा ऑगस्टस) जन्मला २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३ ला. जुन्या २९ दिवसांच्या सप्टेंबरात तो कॅलेंड्सआधीचा आठवा दिवस. सप्टेंबर ३० चा झाल्यावर २३ तारीख झाली नववा दिवस, आणि 'आठवा' म्हटलं तर २४ तारीख. तो सम्राट झाल्यावर रोमनांनी यावर तोडगा काढला तो सरळ होता : वाढदिवस दोन्ही दिवशी साजरा केला.